गेटवेवरून भाड्याच्या बोटीवर वयस्कर माणसांना चढवायचं-उतरवायचं कसं?

गौरी_ठाणे

नमस्कार मंडळी,

यंदा आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. बाबांची अख्खी नोकरी गोदीत वेल्डर म्हणून गेली. जन्मभर जहाजांच्या पोटात शिरून काम केलं, पण आईला घेऊन पाण्यावर असे कधी गेले नाहीत. मागे एकदा सहज बोलून गेले, "कोजागिरीला बंदरातून चंद्र वर येताना बघायचा राहिलाच." तेव्हापासून भावाच्या आणि माझ्या डोक्यात आहे की एक बोट भाड्याने घ्यायची, घरातलीच माणसं, मसाला दूध, दोन-अडीच तास.

बोटवाल्याशी बोलणं झालंय, दर ठरलाय, आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही. बोट गेटवेसमोर आत पाण्यात नांगरलेली असते, पायऱ्यांवरून छोट्या होडीने नेऊन सोडू, असं तो म्हणाला. म्हणून गेल्या रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी आणि भाऊ नुसतं बघायला गेलो. पायऱ्या पार खालपर्यंत उघड्या पडल्या होत्या आणि शेवटच्या सात-आठ हिरव्यागार. लाँचा एकीला एक खेटून बांधलेल्या, माणसं पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जात होती. एका बाईने कडेवरचं बाळ पलीकडच्या खलाशाच्या हातात दिलं आणि मग स्वतः पाय टाकला. बाळ मधे हवेत होतं तेव्हा माझा श्वास अडकला होता. घरी आल्यापासून धड झोप नाही.

आम्ही एकूण १६ जण. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत. बाबा ७९, काचबिंदू आहे, तिन्हीसांजेला फार कमी दिसतं. आत्या ८१, व्हीलचेअरवर. धरलं तर उभी राहते, दहा-बारा पावलं चालते. भावाची मुलगी दोन वर्षांची, माझा मुलगा सहा. बाकी आम्ही धडधाकट.

यांना चढवायचं कसं आणि अंधार पडल्यावर दमलेल्या माणसांना परत उतरवायचं कसं? बोटवाला म्हणतो, "आमची पोरं धरतात, काळजी करू नका." माझी काळजी काही जात नाही. जाऊच नये असं असेल तर तेही स्पष्ट सांगा.

---

मुलुंडचा_नाना

आत्यांना व्हीलचेअर आहे ना, मग भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या. २०२० पासून चालू आहे. गाडीसकट आत जाता येतं, तासाभराचा प्रवास, समुद्र भरपूर दिसतो. माझ्या सासूबाईंना दोनदा नेलं, एक पायरी चढावी लागली नाही. होडीच्या भानगडीत पडू नका.

---

गौरी_ठाणे

धन्यवाद नाना. रो-रो डोक्यात होती, आणि काहीच जमलं नाही तर तीच. पण बाबांना आपली माणसं, आपली बोट आणि मधेच इंजिन बंद करून शांत बसणं हवंय.

---

जुना_तांडेल

ताई, आधी ओळख सांगतो. मी रेवदंड्याचा. ३२ वर्षं प्रवासी लाँचवर काढली, पहिली नऊ खलाशी म्हणून, पुढची तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा म्हणून. आता घरी असतो. तुमचं लिहिलेलं मुलाने वाचून दाखवलं. मी सांगतोय, तो टाइप करतोय.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. कोजागिरीला जाऊ नका, एवढं मात्र नक्की म्हणेन.

आमच्याकडे भरतीचा हिशेब तोंडी असतो, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पाणी पूर्ण भरतं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री, आणि ऐन संध्याकाळी सुकती, म्हणजे ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच, पण दिवस निवडायला हा हिशेब पुरतो. तुम्ही रविवारी गेलात ती सर्वपित्री अमावास्या होती. अमावास्या-पौर्णिमा दोन्हीला उधाण. मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे घराचा एक मजला आणि वर थोडं. त्या हिरव्या पायऱ्या एरवी पाण्याखाली असतात, म्हणूनच त्यांच्यावर शेवाळ असतं. कोजागिरीला संध्याकाळी सहाला तुम्हाला त्याच पायऱ्या मिळतील, आणि त्यावरून आत्याबाईंना खाली न्यायचं म्हणजे नकोच. पाणी भरेपर्यंत थांबून मध्यरात्री परत यायचं म्हटलं तर पाणी चांगलं असेल, पण दोन वर्षांचं पोर आणि ८१ वर्षांची बाई मध्यरात्रीपर्यंत कशाला?

त्याऐवजी भांगेचा दिवस धरा. अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. शेवाळाच्या खालच्या पायऱ्या त्या दिवशी फारशा उघड्याच पडत नाहीत. कार्तिक शुद्ध नवमी, आवळी नवमी, ही माझी निवड. नवाची पाऊणपट पावणेसात. सव्वाचारला चढायला लागा, पाणी चढतं असेल. साडेसहाच्या आत उतरा, पाणी भरत आलेलं असेल आणि उजेडाची थोडी धग उरलेली असेल. तुमच्या बाबांना तिन्हीसांजेला दिसत नाही म्हणता, तर त्यांना सहालाच पहिल्या फेरीत उतरवा.

चंद्राचं म्हणाल तर तो मिळतो. गेटवेचं तोंड पूर्वेला, सूर्य मागे कुलाब्याच्या इमारतींआड जातो. शुद्ध नवमीचा चंद्र दुपारीच उगवलेला असतो आणि दिवेलागणीला दक्षिणेच्या अंगाला चांगला वर आलेला असतो. पाण्यातून वर येताना दिसणार नाही, हे खरं. बाबांना तेवढं सांगा, ते गोदीतले आहेत, भरती-ओहोटीचं कारण त्यांना पटेल.

आता चढायचं. एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या हातून झाली. खलाशी होतो तेव्हाची. सुकतीची वेळ, मालकाची घाई, वर रांग. एक बाई खाली आल्या, डाव्या हातात पर्स आणि चपला, उजवा हात पुढे केला. मी त्यांची बोटं धरली. नुसती बोटं. त्याच वेळी लाँच खाली गेली, त्यांचा पाय शेवाळावरून सरकला आणि ओली बोटं माझ्या मुठीतून साबणासारखी निसटली. त्या लाँच आणि पायरीच्या मधे गेल्या. मधे टायर बांधलेला होता म्हणून छाती वाचली. घोटा मोडला. आम्ही दोघांनी काखेत हात घालून वर ओढलं. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, उलट विचारलं, "तुला लागलं नाही ना?" ते आजही कानात आहे. त्यानंतर मी कुणाचीही बोटं धरली नाहीत.

मनगट धरायचं. मी तुमचं मनगट धरतो, तुम्ही माझं. एकाचा हात सुटला तरी दुसऱ्याचा असतो. हे घरी सगळ्यांना करून दाखवा, मुलांनासुद्धा. हातात काही नको. पर्स, दुधाचा थर्मास, काठी, फोन, सगळं एका पिशवीत घालून आधीच्या फेरीत जाऊ दे. बांगड्या शक्यतो काढून ठेवा. चपला मागे पट्टा असलेल्या. साडी नेसायची असेल तर घोट्याच्या वर खोचलेली. आईंना पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तम.

होडी लाटेवर वरखाली होते. पाय टाकायचा तो होडी वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा. खाली जाणाऱ्या होडीत पाय टाकला की आपण तिच्यामागे पडतो. ही वेळ तुम्ही ठरवायची नाही, होडीतला माणूस सांगेल "आता", तेव्हाच, आणि एकदा निघालेला पाय परत घ्यायचा नाही. दोन्ही पाय दोन ठिकाणी ठेवून विचार करत उभं राहणं सगळ्यात वाईट. आणि हात कधीही होडीच्या कडेवर बाहेरून ठेवायचा नाही. मुलांना हे दहादा सांगा. दोन बोटींमधे बोटं चिरडलेली मी पाहिली आहेत.

होडीतून मोठ्या बोटीवर चढताना वेगळी भानगड. बहुतेक शौकाच्या बोटींना मागे पाण्यालगत एक फळा असतो, सगळे तिथूनच चढवतात कारण सोपं दिसतं. पाणी सपाट असेल तर तिथून सोपंच आहे. पण जरा लाट असली की तो फळा वर उचलला जातो आणि धाडकन खाली आपटतो, खाली होडी आली तर माणसांसकट दाबते. शिवाय इंजिनाचा पंखा तिथेच. लाट असेल तर मधल्या अंगाने चढा, ज्या बाजूला वारा लागत नाही त्या बाजूने. बोट वाऱ्याला आडवी धरली की तिच्या आडोशाला पाणी शांत होतं. हे तांडेलाला कळतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. दुपारनंतर खारा वारा सुटतो, तेव्हा थोडी लाट असणारच असं धरून चाला.

क्रमही ठरवून ठेवा. पहिल्या फेरीत एक दणकट माणूस आधी पलीकडे. मग फेरीला एक याप्रमाणे बाबा, आई, आत्याबाई. शेवटच्या फेरीतही दणकट माणूस मागे हवा. सगळे तरुण आधी पळत बोटीवर आणि म्हातारी माणसं पायरीवर खलाशांच्या भरवशावर, हे मी बत्तीस वर्षं बघितलं. लहान मुलीला कुणी कडेवर घेऊन पाय टाकायचा नाही. मोठ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे हवेत. आधी मोठं माणूस आत बसेल, मग वरचा माणूस मुलीला लाइफ जॅकेटच्या वरच्या पट्ट्याला आणि अंगाला दोन्हीकडे धरून खाली देईल, आणि खालच्याने "धरली" म्हटल्याशिवाय वरचा सोडणार नाही. तुम्ही पाहिलेल्या त्या बाळाचं तसंच झालं असणार, फक्त तुम्हाला तो "धरली" ऐकू आला नसेल.

जॅकेट पायरीवर, होडीत पाय टाकायच्या आधी. बोटीवर गेल्यावर देतो म्हणाले तर ऐकू नका, धोका बोटीवर पोचेपर्यंतच जास्त. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हापासून गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. त्याआधी आम्ही लोकांना हात जोडून सांगायचो, लोक म्हणायचे फोटो खराब येतो. मुलांना मुलांच्या मापाचं, पायातून पट्टा येणारं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात मूल खालून सुटतं.

बाकी विचारा. मुलगा जेवायला बोलावतोय.

---

सायली_फिजिओ

तांडेलकाकांनी एवढं सविस्तर सांगितल्यावर मी फक्त माझ्या कामातलं सांगते.

पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आईंचे दोन्ही गुडघे बदललेले असले तरी त्यांना स्वतःला एक पाय जास्त भरवशाचा वाटत असेल, तो विचारून ठेवा. घरी पंधरा दिवस रोज लाकडी पाटावर दहा वेळा चढउतार, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तुमचं मनगट. पाट हलत नाही आणि होडी हलते, पण पाय उचलायचा आत्मविश्वास तिथेच येतो.

आत्यांना खुर्चीत बसवून होडीत न्यायचं नाही, खुर्चीला चाकं आहेत आणि खुर्चीसकट पडलेला माणूस पाण्यात वर येत नाही. खुर्ची वरच ठेवा. त्यांना कमरेचा रुंद पट्टा मिळतो, मागे-बाजूला कड्या असलेला, आजारी माणसाला उठवायला वापरतात तो. जॅकेटच्या आत तो बांधा आणि धरणाऱ्याने पट्टा धरावा. काख किंवा दंड ओढू नका, या वयात खांदा निखळतो.

उलटीच्या गोळीबद्दल एक. त्यातल्या काही गोळ्या काचबिंदूत चालत नाहीत आणि बहुतेकींनी झोप येते, तोल जातो. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

आणि त्यांना पायरीची कड दिसावी म्हणून पांढरी चिकटपट्टी होडीच्या कडेला आणि बसायच्या फळीला लावून घ्या. माझ्या एका पेशंटसाठी आम्ही घरच्या जिन्याला लावली होती, खूप फरक पडला.

---

गौरी_ठाणे

काका, सायलीताई, तुम्हा दोघांचं लिहिलेलं मी घरी मोठ्याने वाचलं. बाबा ऐकत होते. तिथीची पाऊणपट ऐकल्यावर म्हणाले, "आमचा फोरमन हेच सांगायचा, मी विसरलो होतो." तारीख नवमीची ठरली.

काका, बोटवाल्याला नेमकं काय विचारू? तो म्हणतो १५ जणांची बोट आहे, १६ झाले तर चालतं, एक तर लहान बाळ आहे.

---

जुना_तांडेल

नाही चालत. दोन वर्षांचं मूलही एक माणूस. सागरी मंडळाच्या परवान्यावर जेवढे उतारू लिहिलेत तेवढेच. परवाना बघायला मागा, न चिडता दाखवला तर माणूस बरा. मोठी बोट बघा किंवा एकाला घरी ठेवा.

होडीची क्षमता वेगळी विचारा. सगळे मोठ्या बोटीचं विचारतात, होडीचं कुणी विचारत नाही. तुमच्या लोकांना एका फेरीत पाचच्या वर नको, त्यातलं म्हातारं माणूस एकच. फेऱ्या वाढतील, अर्धा तास जास्त लागेल, तो अर्धा तास भाड्यात धरायला सांगा म्हणजे कुणी घाई करणार नाही. माझ्याकडून जे झालं ते त्या घाईपायी.

पायरीवर एक आणि होडीत एक असे दोन खलाशी हवेत, होडी चालवणारा तिसरा. होडी पुढून-मागून दोन्ही दोरांनी धरलेली हवी. नुसती नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, टेकवून "या पटकन" म्हणाला तर थांबा.

आगाऊ रक्कम द्यायच्या आधी एक गोष्ट लिहून घ्या. वारा किंवा लाट जास्त असली तर तारीख बदलून मिळेल, पैसे बुडणार नाहीत. पैसे अडकले की माणसं वाईट समुद्रातही जायला तयार होतात, आणि तांडेलालाही नाही म्हणणं जड जातं. आपल्यापैकी कुणालाही पायरीवर आल्यावर नको वाटलं तर ते नकोच. त्याला समजावत बसायचं नाही.

तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर फोनमधे ठेवा. आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्या एकाला सांगून ठेवा की किती गेले, किती वाजता येणार.

---

गौरी_ठाणे

जाऊन आलो. सांगायला उशीर झाला, घरात पाहुणे होते.

पहिल्या ठरलेल्या बोटवाल्याने तारीख बदलायची अट लिहून द्यायला नकार दिला, म्हणून दुसरा बघितला. याची बोट १८ जणांची आणि भाडं थोडं जास्त. त्याने स्वतःहून भरतीचा तक्ता दाखवला.

सव्वाचारला पायऱ्यांवर पोचलो. खालच्या हिरव्या पायऱ्या दिसतच नव्हत्या, जिथून चढायचं ती पायरी कोरडी होती. बाबा पहिल्या फेरीत. पांढरी पट्टी लावलेली बघून खलाशाने विचारलं हे काय, मी सांगितलं, तर त्याने उरलेली पट्टी मागून घेतली आणि मोठ्या बोटीच्या शिडीलाही लावली.

आई शेवटच्या पायरीवर थांबली. म्हणाली, "थांब जरा." खलाशी तिचं मनगट धरून तसाच उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. होडी वर आली, गेली. परत वर आली, गेली. तिसऱ्यांदा आईने स्वतःच पाय टाकला. आत बसल्यावर मला म्हणाली, पाटापेक्षा सोपं होतं.

मोठ्या बोटीशी थोडी लाट होती. तांडेलाने आधी आम्हाला मागच्या फळ्याकडे नेलं, मग स्वतःच नको म्हणाला आणि बोट फिरवून आडोसा केला. मधल्या अंगाने चढलो. आत्याला दोघांनी पट्ट्याला धरून वर घेतलं. ती बोटीवर बसल्यावर तिने आधी जॅकेट घट्ट आहे का ते स्वतः तपासलं आणि मग चहा मागितला.

इंजिन बंद केलं तेव्हा चंद्र चांगला वर होता. बाबांना तो नुसता उजेडाचा गोळा दिसत होता, पण लांबवर गोदीच्या क्रेन होत्या, त्या त्यांनी आकारावरून ओळखल्या. आईला हात करून दाखवत होते, कुठल्या बाजूला शेड होती, डबा कुठे बसून खायचो. नोकरीची सगळी वर्षं ती डबा करून देत होती आणि तो कुठे खाल्ला जायचा ते तिला त्या दिवशी कळलं.

उतरताना बाबा आणि आत्या पहिल्या फेरीत, सहाला. शेवटच्या फेरीला अंधार पडला होता, पण तोवर आम्ही पाचच जण उरलो होतो.

---

जुना_तांडेल

वाचून बरं वाटलं, ताई. त्या तांडेलाचं गाव कुठलं, विचारलंत का?

---

गौरी_ठाणे

विचारलं. बोर्लीचा. तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाला, मनगट धरायला त्यालाही रेवदंड्याच्याच एका म्हाताऱ्या खलाशाने शिकवलं.